चुंबकाले लागलेला हात

मी बौद्ध झालो ना, त्याच वर्षीची गोष्ट. वर्ध्याले शेठजीच्या ठोक दुकानात मी हमाल होतो. कारखान्याचा माणूस लोहचुंबकाचे नमुने घेऊन आला, तवा खिळे उचलून पाहून मीच त्यातला जोरदार निवडला. म्हटलं, "शेठजी, टोकांवर लोखंडी पट्टी लावूनच मागवा, नाईतर जोर उतरते."

शेठजीनं स्वस्तात बिनपट्टीचे मागवले. जोर उतरलाच. आर्वीचे व्यापारी माल परत घेऊन आले, तर शेठजी त्यायले म्हणते, "मी काय करू? याचा हात लागला!"

दुसऱ्या खेपेले पट्टीवाला माल आला.

"उतरव रे पेट्या."

"माहा हात लागन ना, शेठजी?"

"पेटीले चालते. उघडू नको फक्त."