दांडा : आहे, नाही, शंका

प्रणाली : हो किंवा नाही, एवढंच सांग. ते फोटो तू शेवटपर्यंत स्वतः बघितलेस का?

अश्विन : हे विचारायला तू अमरावतीहून अकोल्याला आली? या उन्हात, एसटीनं? फोन होता ना.

प्रणाली : फोनवर तू 'हो' म्हणाला असतास.

अश्विन : आधी कूलरसमोर बस. तोंड पाहा कसं लाल झालं.

प्रणाली : अश्विन, सोमवारी माझा प्रबंध जायचा आहे. चौदाशे दीर्घिका. एक तक्ता माझा, एक तुझा, एकमेकांचं न बघता भरलेला. मधून ताऱ्यांचा दांडा जातो का? आहे, नाही, शंका. अख्खं चौथं प्रकरण त्या दोन तक्त्यांवर उभं आहे.

अश्विन : मग? जुळले ना तक्ते. सत्त्याण्णव टक्के. सर केवढे खूश झाले.

प्रणाली : मीही झाले. काल छपाईला द्यायच्या आधी सहज सहाशे अकरा नंबरचा फोटो उघडला. ती दीर्घिका अगदी कडेनं दिसते, ताट डोळ्यासमोर आडवं धरल्यासारखी. अशीला आपण 'शंका' लिहायचं ठरलं होतं. मी लिहिलं होतं 'आहे'.

अश्विन : चुकतं एखादं.

प्रणाली : एखादं नाही. राजापेठेच्या क्लासमध्ये बसून भरत होते. मध्येच पोरांनी गणित विचारायला बोलावलं, परत आले आणि एक ओळ खाली सरकले. सहाशे अकरा ते सहाशे त्रेचाळीस. तेहतीस उत्तरं शेजारच्या फोटोंची.

अश्विन : बरं झालं सापडलं. दुरुस्त कर.

प्रणाली : केलं. मग तुझा तक्ता उघडला. तुझीही तेहतीस सरकलेली आहेत. तिथूनच सुरू, तिथंच बंद.

(अश्विनची आई केशरबाई चहा घेऊन येतात.)

केशरबाई : घे वं पोरी. एवढ्या उनाची कावून आली? लगन-बिगन ठरलं का?

प्रणाली : नाही हो काकू. कामाचं होतं. फोटोंचं.

केशरबाई : ते चांदन्याचे भवरे? माय वं! पयले तं हा एका-एका फोटोकडं घंटाभर पाहे. मले बलावे. 'आई, मधात काडी दिसते का तुले?' मी म्हनो, दिसते बा बारीक.

प्रणाली : काकूंनाही दाखवलंस?

अश्विन : दोन-तीनदा. आई, तू आत जा ना.

केशरबाई : मंग एकदम झटपट कराले लागला. दिवसाले शंभर-शंभर. मले वाटलं, बसला पोराचा हात. जातो बापा, जातो. माह्या घरातून मलेच हाकलून राह्यला.

प्रणाली : दिवसाला शंभर.

अश्विन : ऐकलं मी.

प्रणाली : कधीपासून?

अश्विन : पहिले शंभर खरे आहेत. देवाशपथ. ते तपासले तेव्हा बावीस ठिकाणी आपलं वेगळं निघालं. विभागात सगळ्यांसमोर सर म्हणाले, अश्विनले जिथं-तिथं दांडेच दिसतात. सगळे हसले. तूही हसली.

प्रणाली : मी?

अश्विन : चहा नाकात गेला होता तुझ्या.

प्रणाली : ...आठवलं.

अश्विन : तुझा तक्ता आपल्या दोघांच्या फोल्डरमध्येच राहायचा. आधी फक्त शंकेचे पाहायचो, प्रणालीनं काय लिहिलं म्हणून. तू एमएस्सीत पहिली, मी सत्रावा. मग सगळेच पाहू लागलो. पाचशेनंतर फोटो उघडलेच नाहीत. बाबाच्या पायाचं ऑपरेशन होतं, जठारपेठेतला क्लास होता, पण ते कारण नाही. मला माझ्या डोळ्याची शरम वाटू लागली होती.

प्रणाली : मला राग यायला पाहिजे. येत नाहीये. चार वर्षं झाली रे. आता फक्त झोपावंसं वाटतं.

अश्विन : ऐक. तुझ्या ओळी तू सरळ केल्या, माझ्या मी करतो. दहा मिनिटांचं काम आहे. कोणाले कळते? वीस तारखेला कॉलेजची मुलाखत आहे ना तुझी?

प्रणाली : आहे. प्रबंध सादर केल्याची पावती मागितली आहे त्यांनी.

अश्विन : मग? कर ना सोमवारी सादर. मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही.

प्रणाली : बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मीही हेच ठरवत आले.

अश्विन : आणि मूर्तिजापूरच्या पुढं?

प्रणाली : पुढं तुझे पहिले शंभर उघडले. त्या बावीस दीर्घिकांचे अवरक्त प्रकाशातले फोटो सकाळीच उतरवून घेतले होते. तुझी चूक किती मोठी ते मोजायला. हा बघ, एकोणचाळीस नंबर.

अश्विन : यात तर... थांब. मोठा कर.

प्रणाली : आपण बघायचो त्या फोटोंत दीर्घिकेच्या वळणदार हातांमधले निळे, तरुण तारे चमकतात. दांड्यात जुने, लालसर तारे जास्त. त्यात धूळ आडवी येते. अवरक्तात धूळ फारशी आड येत नाही, म्हणून दांडा वर येतो.

अश्विन : ते माहीत आहे मला. मीही शिकलो तेच. किती निघाले, ते सांग.

प्रणाली : बावीसपैकी सतरा. बारके आहेत, आखूड आहेत. पण आहेत. तू 'आहे' लिहिलं होतंस, मी 'नाही'.

अश्विन : सतरा?

प्रणाली : मी फक्त ठळक दांडे धरत गेले. आणि तुला दिसत होतं, तर तू माझ्यासारखं लिहायला लागलास.

अश्विन : मग पुढच्या तेराशेंमध्ये किती सुटले?

प्रणाली : मला माहीत नाही. तुलाही नाही. ते माझ्याशिवाय कोणी स्वतःच्या नजरेनं ठरवलेच नाहीत.

केशरबाई : कप दे वं इकडं. एका काडीसाठी एवढं तोंड पाडावं लागते?

प्रणाली : काकू, ती काडी काडीसारखी घट्ट नसते. कोट्यवधी तारे लांबट वाटेनं फिरत असतात आणि सगळ्यांच्या वाटा एकाच दिशेला लांब झालेल्या. आपल्याला तिथं काडी दिसते. तिच्या टोकांपासून ते वळणदार हात निघतात.

केशरबाई : मंग करते काय थे काडी?

अश्विन : बाहेरचा वायू तिच्या काठानं घसरत मधात येते, आई. तिथं नवे तारे तयार होतात. वायू सरला की नवे होणं बंद. म्हणून काडी कोणात आहे अन् कोणात नाही, हे चुकलं की कोणती दीर्घिका कशी म्हातारी होणार, तेही चुकते.

केशरबाई : आन आपलीत हाये का?

प्रणाली : आहे. आपण तिच्या आतच राहतो, मध्ये धूळ, म्हणून लवकर कळलं नाही. तीही अवरक्तातच नीट दिसली.

केशरबाई : मंग मी काय खोटं बोल्ली होती? दिसते म्हनून सांगतलं होतं याले. हाच मंग नाही म्हनाले लागला.

अश्विन : सरांना काय सांगशील?

प्रणाली : जे झालं ते. सोमवारी प्रबंध येत नाही म्हणून सकाळीच निरोप टाकला आहे. कारण उद्या भेटून सांगेन.

अश्विन : सकाळीच? मग मूर्तिजापूरपर्यंत काय ठरवत होती?

प्रणाली : तो निरोप परत कसा घ्यायचा ते.

अश्विन : मी येतो उद्या. सर मला फाडून खातील.

प्रणाली : मला जास्त. तक्ता उघडा मी ठेवला होता. आणि हसलेही मीच.

अश्विन : मुलाखत?

प्रणाली : जाईन. पावती नाही म्हणेन. दुसऱ्या कोणाला तरी घेतील. क्लास आहेच.

अश्विन : प्रणाली...

प्रणाली : सॉरी म्हणू नकोस. फार गरम होतंय. माझा तक्ता मी कुलपात टाकला आहे, तुला आता उघडता येणार नाही. एकशे एकपासून परत करशील? हेच फोटो, आधीचेच नियम. अवरक्त नंतर दोघं मिळून बघू.

अश्विन : माझ्यावर भरवसा आहे तुले?

प्रणाली : तुझ्या डोळ्यांवर आहे. तुझ्याबद्दल ऑगस्टमध्ये सांगेन.

अश्विन : रोज पंधरा केले तरी ऑगस्ट होईलच. ...सुरू करू का? तू आहे तोवर दोन-चार पाहतो. मग बाबाले ड्रेसिंगले न्यायचं आहे.

प्रणाली : कर. माझी बस साडेपाचला आहे.

केशरबाई : हे काय वं? खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून कावून बसली? कूलरची हवा तं इकडं येते.

प्रणाली : राहू द्या काकू. त्याला बघू द्या.