गिअरबॉक्सचा दावा

ग्राहक मंचाच्या बाकावर विनिता बिघडलेल्या फ्रिजची कागदपत्रं घेऊन बसली होती. शेजारी भिवंडीकडचे दोन म्हातारे एकाच डब्यातल्या तांदळाच्या भाकऱ्या खात होते. एक शेलार गावचे, डोक्यावर टोपी घातलेले, दुसरे गाड्यांच्या शोरूमचे शेठ. बोलायला आधी शेठांनी सुरुवात केली.

"घ्या व्याही, अजून एक. तुमच्याच लेकीच्या हातच्या हायत."

"बास झालं. तुम्ही गाडीत घेतलंत म्हणून तारखेला पोचलो. माझी वाटेतच, पूर्णा गावाशी बंद पडली."

"परत?"

"परत. तोच गिअरबॉक्स."

"तीन येळा खोलला मी तो."

"खोललात ना. खोलण्याबद्दल माझी तक्रारच न्हाय."

"मग शोरूमला येऊन दोन शिव्या हासडायच्या. केस कशाला टाकायची?"

"शिव्या? लेक दिलीय तुमच्या घरात. व्याह्यांसमोर आवाज चढवला तर गाव थुंकंल माझ्यावर."

"आणि कोर्टात खेचलेलं चालतं गावाला?"

"हितं साहेब बोलतात. मी गप बसणार हाय."

"अर्ज मात्र कडक लिवलाय. माझ्या गॅरेजमधलं बारीकसारीक सगळं हाय त्यात. वकील कोण तुमचा?"

"वकील कुठला. तुमच्या सुनेनं, मनालीनं लिवला."

शेठांनी हातातली भाकरी परत डब्यात ठेवली.

"तरीच सकाळी डबा देताना म्हणाली, बाबांना उपाशी बसवू नका."

शिपायानं दोघांची नावं पुकारली. शेठांनी डब्याचं झाकण लावलं.

"चला, व्हा पुढं. दावा तुमचा हाय."

"न्हाय न्हाय, आधी तुम्ही. आम्ही मुलीकडचे."