मोदक सापडेपर्यंत

…न्हाई, चूक माझीच हाय, मी कुठं न्हाई म्हणते? पण तुम्हाला सांगते, माझ्या जागी मारुतीच्या देवळातला पुजारी आणून बसवला असता ना, तर त्याचीबी हीच गत झाली असती! लोक म्हणतात, लेकरांना टीव्ही दाखवू नका. बरं, न्हाई दाखवत. मग वरण शिजेपर्यंत त्यांना ठेवू कुठं? देव्हाऱ्यापाशी? ठेवलं होतं एकदा. तनुजानं बाळकृष्णाचे दात घासून दिले. माझ्या ब्रशनं.

मी साधी बाई हो. हिमायतनगरात चाळीस वर्षं झाली, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, काही ना काही चालूच असतं. आमचे मालक, हणमंतराव, म्हणतात, "साखरे, तू जेवतेस कोणत्या वारी ते भिंतीवर लिहून ठेव, त्या दिवशी मी पाहुणा बोलावतो." ह्या चातुर्मासात मी लाखाची वात धरली. एक लाख वाती, हातानं वळायच्या, देवाला वाहायच्या. आणि नेमकं त्याच वेळी लातूरहून सुनेचा फोन आला.

शिल्पा माझी सून, तिथं दवाखान्यात नर्स हाय. तिची ड्युटी बदलली, आणि भागवत, माझा लेक, तो तर सकाळी गेला की रातच्याला घरी. शिल्पा म्हणाली, "आई, वीरेश-तनुजाला एक महिना तुमच्याकडं ठेवून बघते. जमलं तर दिवाळीपर्यंत राहू द्या. न्हाई जमलं तर इथं पाळणाघर पाहून ठेवलंय." पाळणाघर! पाच वर्षांचा नातू आन् साडेतीन वर्षांची नात, आणि आजी काय मेलीय? आमच्या घरात लेकराचा आवाज फक्त सणाला येतो हो, आन् सण झाला की पिशव्या भरून परत जातो. मी म्हणलं, जमलं! जमलंच म्हणून समज! ती म्हणाली, "पण टीव्ही अर्धाच तास. आणि दाखवाल ते चांगलं दाखवा, देवाधर्माचं. काहीबाही शिकले तर मी घेऊन जाईन."

मग मी बसले निवडायला. तांदूळ निवडते तसे चॅनल निवडले. खडे लई, तांदूळ कमी! एका कार्टूनमध्ये तर पोरगं बापाला म्हणून राहिलं, "ए टकल्या!" मी लगेच बदललं, पण वीरेश दाराआडून बघत होता, त्यानं संध्याकाळी आजोबाला हाक मारली, "ए टकल्या, पाणी दे." मालकांनी पाणी दिलं. पण दोन दिवस टोपी काढली न्हाई. दुसऱ्या कार्टूनमध्ये सगळे एकमेकांच्या डोक्यात तवे घालत होते, चांगले बिडाचे तवे! तिसरं बरं होतं, तर मधे जाहिरात आली. त्या जाहिरातीत काय होतं ते मी चातुर्मासात सांगणार न्हाई.

शेजारी मलिकाआपा. तिचे मालक लालमहंमदभाई शिवणकाम करतात, आणि त्यांची नात तूबा आमच्या वीरेशच्या वयाची. आपाचं आणि माझं तीस वर्षांचं हाय. तिचे रोजे, माझे उपास, एकमेकीला जेवायला कधी बोलवावं हे मात्र आजवर जुळलं न्हाई. तिलाबी हीच काळजी. म्हणाली, "क्या बोलूं भाभी, जादू नक्को, नाचगाना नक्को, बदतमीजी नक्को. अब बचा क्या? खबरां? खबरां में तो सबसे जादा बदतमीजी!" मग तिनंच तोड काढली. "जानवरां देखो भाभी. अल्ला की बनाई हुई चीज, उसमें क्या हर्ज?"

मला पटलं की हो! देवाचीच करणी ती. तिन्ही लेकरं बसवली, आम्ही दोघी मागं बसलो. हरिण गवत खाऊन राहिलं, पाणी पिऊन राहिलं, मागं बासरी… आणि एकदम वाघ! तनुजानं जे भोकाड पसरलं! मी घाईघाईनं हत्ती लावले. म्हणलं, हत्ती बरा, गणपतीच्या तोंडाचा. तर दोन हत्ती… आता काय सांगू. तूबा म्हणाली, "दादी, वो हाथी उसके ऊपर कायको चढरा?" आपा म्हणाली, "बेटा, उसको दूर का दिखता नै." आन् मी रिमोट शोधून राहिले, रिमोट वातींच्या टोपलीत, कापसाच्या खाली… तो हाती लागेपर्यंत त्या हत्तीनं लई दूरवरचं पाहून घेतलं.

शेवटी देवानं दाखवलं. भागवतनं मागच्या दिवाळीला नेटवर चालणारा टीव्ही बसवून दिलाय, त्यात सापडला. गणपतीचा उंदीर! पहिल्याच भागात त्याच्या हातून देवाचा एक मोदक हरवतो, आणि तो मोदक शोधायला बिचारा गावोगाव फिरतो. वाटेत म्हाताऱ्यांना नदी पार करून देतो. मारामारी न्हाई, उलट बोलणं न्हाई, अहो, भेटंल त्याला वाकून नमस्कार करतो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपाला विचारलं, तुमच्या तूबानं बसलेलं चालंल का? आपा म्हणाली, "चूहे का है ना? फिर ठीक है. चूहा सब के घर आता."

इथवर सगळं बरोबर होतं. मग मी माझ्या हातानं घोळ केला.

मला वाटलं, देवाची गोष्ट हाय, तर रीतीनं लावावी. लेकरांना आंघोळी घातल्या, टीव्हीपुढं समई लावली, हातात अक्षता दिल्या, आणि म्हणलं, "बाळांनो, देवाची कथा ऐकायला बसलं की मधे उठू नये. कथा अर्धी सोडू नये! अर्धी सोडून उठलं की भरलेलं जहाज बुडतं." मालक पेपरातून म्हणाले, "आपल्याकडं एक जुनी लुना हाय, तीच बुडंल." मी लक्ष दिलं न्हाई. त्या वेळी द्यायला पाहिजे होतं.

पहिला भाग झाला. मोदक विहिरीच्या काठावर आला, उंदीर हात घालणार, तेवढ्यात कावळ्यानं उचलला. संपलं. मी उठले, गुडघे धरून, आणि बघते तर टीव्हीवर आकडे. पाच, चार, तीन, दोन, एक… आणि पुढचा भाग आपोआप चालू!

मी रिमोट उचलला. वीरेश म्हणाला, "आजी, मोदक सापडला का?"

"न्हाई रे."

"मग कथा संपली का?"

"…न्हाई."

"मग? कथा अर्धी सोडू नये!"

बसले. काय करता? शब्द माझाच होता, अक्षता माझ्याच होत्या. वाटलं, दुसऱ्या भागात सापडंल. दुसऱ्या भागात कावळ्याकडून तो माकडानं नेला. तिसऱ्यात नदीत पडला. चौथ्यात मगरीच्या दातात अडकला. तुम्हाला सांगते, आपल्या कुठल्याबी कहाणीला शेवट असतो, जो हे व्रत करील त्याला अमुक मिळंल, तमुक मिळंल, अशी फलश्रुती असते, ती झाली की नमस्कार करून माणूस मोकळा होतो. ह्या कथेला फलश्रुतीच न्हाई! शेवटी नुसती नावं येतात, इंग्रजीत, भराभरा. एकदा मी त्यालाच हात जोडले आणि "झालं" म्हणून उठले. तर पाच, चार, तीन…

आठ दिवसांत एकसष्ट भाग! अर्धा तास कुठला, वरण दोनदा लागलं, भाकरी करपल्या. एक मात्र हाय, वाती झपाझप झाल्या. एरवी दिवसाला सातशे व्हायच्या, उंदीर आला की बाराशे. आणि खोटं कशाला बोलू, आज एकादशी हाय… एका दुपारी लेकरं झोपली होती तरी मी एक भाग पाहिला. फक्त मोदक सापडला का, एवढंच! न्हाई सापडला. मागं वळून बघते तर वीरेश उभा. असा बघून राहिला माझ्याकडं, जसा मी देवाचा नैवेद्य आधी चाखला.

त्यातच शिल्पाचा फोन. "आई, टीव्ही किती दाखवता?"

म्हणलं, "एकच कथा दाखवते, बाई."

खरंच होतं की न्हाई? एकच तर कथा होती. पण त्या दिवशी साबुदाण्याची ताटली मी तशीच मालकांपुढं सरकवली. ती म्हणाली, "बरं. शनिवारी येते, बघते, मग ठरवू."

मंगळवार होता. भाग चालू होता एकशे आठवा.

मी उठून तडक व्यंकटगुरुजींकडं गेले. म्हणलं, गुरुजी, धरलेली कथा मधेच सोडायची असली तर काय करावं? गुरुजी धर्माबादकडचे, म्हणाले, "अय्यो, साखराबाई, तुम्ही आणि मधे सोडणार? कोणती पोथी?"

"मोठी हाय, गुरुजी."

"अध्याय किती?"

"एकशे आठ झाले. अजून येऊन राहिलेत."

"येऊन राहिलेत? लिहिली कोणी?"

"मुंबईत लिहून राहिलेत."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. लई वेळ पुसला. मग म्हणाले, "उद्यापन करा. देवाला मोदक दाखवा, लेकरं जेवू घाला, आणि मोकळ्या व्हा. पण लेकराच्या हातानं करा, संकल्प त्याचाबी हाय."

शुक्रवारी केलं. एकवीस मोदक तळले, वाळल्या खोबऱ्याचे. तूबाला बोलावलं. टीव्हीला हळदकुंकू लावलं. मालक म्हणाले, "नारळबी फोड, पण त्याच्यावर नको." मग वीरेशला जवळ घेतलं आणि म्हणलं, "बाळा, त्या उंदराला मोदक कोणी सापडू देत न्हाईत. आपणच देऊ का त्याला?" लेकरानं लई विचार केला. एकवीसातला मोठ्यातला मोठा निवडला, टीव्हीच्या खाली मागच्या बाजूला ठेवला, आणि म्हणाला, "घे रे. सापडला." मी फलश्रुती म्हणली, जशी सुचली तशी: उंदराला मोदक मिळाला, तसा ज्याचा त्याला मिळो, लेकरं आजीपाशी राहोत. टीव्ही बंद केला. वर चादर घातली. कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी मालक बातम्या लावायला गेले. टीव्ही लागंना. मागं वाकून बघतात तर वायर कुरतडलेली! आणि मोदक अर्धा खाल्लेला.

वीरेश नाचायलाच लागला. "आजी! तो आला होता! त्याला सापडला!"

म्हणलं, "हाव रे बाबा. झाली कथा."

"कुठं झाली? अर्धाच खाल्लाय. अर्धा सोडून तो कसा जाईल? परत येईल!"

दुपारच्या बसनं शिल्पा आली. घर एकदम शांत, तर ती घाबरली, लेकरं कुठं हायत? बघते तर बंद टीव्हीपुढं मांडी घालून तिघं बसलेली, हात जोडून, स्टँडच्या खालच्या भोकाकडं डोळे. आन् माझे डोळे तिच्या हाताकडं. दोन रिकाम्या पिशव्या होत्या हातात. लेकरांचे कपडे भरून न्यायला.

"आई, टीव्ही तर बंद हाय. मग हे काय बघून राहिलेत?"

मग मी सगळं सांगितलं. एकशे आठ भाग, अक्षता, दुपारचा चोरून पाहिलेला, सगळं. हत्तीसुद्धा. म्हणलं, तुझी लेकरं हायत, तुला वाटंल तसं कर. ती काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तनुजानं तिचा पदर ओढला. "मम्मी, बोलू नको. कथा चालू हाय."

आणि भोकातून आधी मिशा आल्या, मग नाक.

शिल्पा खाली बसली. चांगला अर्धा तास बसली. उंदीर आत गेला तेव्हा तिनं घड्याळ बघितलं, पिशव्यांच्या घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "ह्या इथंच ठेवा आई, दिवाळीला लागतील. फक्त तो टीव्ही नीट करू नका."

म्हणजे बघा, देवानं ऐकलं! मी कुठं तक्रार करून राहिले? लेकरं घरात हायत. टीव्ही बंद हाय. रोज अर्धा तास, जास्त न्हाई, देवाच्या वाहनाचं दर्शन. जाहिरात न्हाई. फक्त रोज एक मोदक तळावा लागतो. मालक म्हणतात, पिंजरा लाव. कसा लावू? परवा त्यानं लालमहंमदभाईंच्या दुकानातली कोणाची तरी नवी सलवार कुरतडली. मी तोंड लपवत गेले, तर आपा म्हणाली, "मैं तो पैलेच बोली थी भाभी, चूहा सब के घर आता."

आणि मी म्हणत होते, किती दिवस चालंल? म्हातारा दिसतो, होईल कधीतरी कथा पूर्ण…

आज सकाळी झाडायला म्हणून टीव्हीचा स्टँड सरकवला. तर तो उंदीर नव्हताच हो. उंदरीण होती. खाली माझ्याच वातींचा कापूस नेऊन मऊमऊ गादी केलेली, आणि त्यावर गुलाबी, बोटाएवढी पिल्लं. वीरेश गुडघ्यावर बसला आणि एकेकावर बोट ठेवून मोजायला लागला. "पाच… चार… तीन… दोन… एक…"

मग माझ्याकडं वर बघून म्हणाला, "आजी, पुढचा भाग."

मी उठले. कणीक भिजवायला घेतली. सहा मोदकांची.