नारबा तांडेलाचा पाहुणचार

सरका, सरका जवळ. ए जनू, अंधाराकडं पाठ करून बसलायस व्हय? बस, बस. काय व्हत नाय. झालंच तर पयलं तुलाच व्हईल! हां. आता ऐका.

शिवा बुरूड व्हता एक. मासे भरायच्या टोपल्या त्याच्यासारख्या कोनाला विणता यायच्या नाय. खाडीपल्याडच्या बाजारात गेला टोपल्या घेऊन, नि परत निघंस्तोवर अंधार पडला. लोक म्हनले, "शिवा, राहा रे आज. अवस हाय." पन कसा राहील? घरी चंद्रा, त्याची बायको, पोटुशी. दिवस भरलेले. सकाळीच म्हनलेली, "अवो, राती घरात पायजे तुमी. पयली खेप, मला भ्या वाटतं." निघाला. आनि गेला कुठनं? वरच्या रस्त्यानं? छ्या! तो लांबचा. हा शाना गेला पुळणीनं, समुद्राच्या वाळूवरनं, सुरूच्या बनाखालनं.

चालतोय, चालतोय. बघतो तर फुडं उजेड! रापणकरांची, जाळं ओढून मासे धरनाऱ्यांची, जुनी खोपटी, नि आत चूल पेटलेली. दारात म्हातारा. हात जोडून म्हनतो, "या पाव्हनं! कवाधरनं वाट बघतोय."

"माझी?"

"जो येईल त्याची!"

तुमी असता तर पळाला असता. पन शिवाच्या नाकात शिरला बांगड्याच्या कालवणाचा वास, नि पोट सकाळपासनं रिकामं. बसला! म्हातारा वाढतोय. भात, कालवण, तळलेली सुरमई. एक तुकडी संपली की पानात दुसरी. "पुरे, पुरे!" "अरे घे रे, लाजतोस काय सासुरवाडीत बसल्यागत!" असा मायाळू मानूस. फकस्त एक. कालवणात मीठ नाय. समुद्राच्या काठाला, रापणकराच्या खोपटीत, नि मीठ नाय!

"आजोबा, जरा मीठ..."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "तेवढं मागू नको, बाबा."

मिठाला कोन भितं, ठाव हाय ना? शिवानं मान वर केली. मग त्याला दिसलं. म्हातारा चुलीला चिकटून बसलाय, नि अंगावरच्या कपड्यातनं पानी गळतंय. टप. टप. सुकतच नाय! शिवानं चुलीकडं हात नेला. ऊब नाय. विस्तव थंडगार!

हसतेस काय गं पारू? हस, हस. घरी एकटीच जायचंय ना तुला?

शिवा उठला. "येतो आजोबा. बायको वाट बघतेय."

"जा की. कोन धरतंय? पन जेवलास, तर दोरीला हात लावून जा. आमची रापण पान्यात हाय."

आता रापणीची रीत तुमाला काय सांगू. जाळं समुद्रात सोडायचं, नि दोरीनं पुळणीवर ओढायचं. ज्यानं दोरीला हात लावला त्याला वाटा. मग तो वाटसरू का असंना. आनि वाटा ज्यानं घेतला, तो त्या रापणीचा मानूस. शिवाला वाटलं, ओढू नि सुटू. लावला हात. चुकला!

अंधारातनं मानसं आली. गुमान. शिवाच्या फुडं एक, मागं एक. दोरी ओढतायत, पन हाक नाय, आरोळी नाय. मागच्याचा श्वास मानेला लागावा की नाय? नाय लागला. श्वासच नाय त्याला! जाळं वर आलं. मासे असे चकचकीत, पन एकबी फडफडत नाय.

म्हाताऱ्यानं वाळूत वाटे घातले. "पाव्हन्या, तू पाठ कर नि नावं घे." आपल्याकडं असंच ना? पाठ केलेला ज्याचं नाव घेईल त्याचा तो वाटा. भांडण नको.

"ह्यो वाटा कोनाचा?"

शिवाला नावं कुठनं ठाव? पन कानाशी कोनतरी गार पुटपुटलं. तसा तो बोलला, "पांडू गोठणकराचा."

"ह्यो?"

"भागोजीचा."

असं करता करता कानात आलं, "नारबा तांडेल." नारबा तांडेल! शिवाचा बाप सांगायचा, होडीचा म्होरक्या, वादळात जाळं टाकायला गेला नि सगळ्या मानसांसकट बुडाला, तो नारबा! वाटे घालनारा म्हातारा तोच, नि त्याच्याच हातचं जेवला की हा!

मग ऱ्हायला शेवटचा वाटा. आता कानाशी कोन पुटपुटंना.

"ह्यो कोनाचा, पाव्हन्या?"

माझा म्हनला की झाला त्यांचा. गप ऱ्हायला. तर खांद्यावर ओला हात. "बोल. वाटा बेवारशी ऱ्हात नाय." हात जड व्हतोय. पाय वाळूत रुततायत. घोट्यापोतर. गुडघ्यापोतर. लाट आली, कमरेला लागली. "बोल!"

शिवाच्या डोळ्याफुडं चंद्रा. बोंब ठोकल्यागत वरडला, "देवीचा! ह्यो वाटा गावदेवीचा!"

लाट मागं सरली.

देवीचा वाटा कोन ठेवत नाय सांगा? सगळेच ठेवतात. पन मेलेली मानसं, त्यांना कुठलं देऊळ? विसरली व्हती. तरी नाव घेतलं ते घेतलं. रापणकर मेला तरी वाट्याला खोटा पडत नाय! खांद्यावरचा हात सुटला. म्हातारा हळू म्हनला, "खरं हाय रे. पयला तोच काढायला हवा व्हता. तूच पोचव. आमाला तिकडं येववत नाय." नि रडला. भूत रडलं, ऐका!

शिवानं वाळूतनं पाय उपटले. बाजारात न खपलेल्या एका टोपलीत वाटा भरला नि जो पळाला, जो पळाला! मागं बघितलं नाय. देवळाच्या पायरीवर टोपली ठेवली. टोपलीत बघतो तर मासे नाय, ओली वाळू. नमस्कार केला नि घराकडं सुटला.

दारात चंद्राची आई कंदील घेऊन. "आलात व्हय? लेक झाली! बाप गावभर!" शिवा आत जाऊन अंथरुणापाशी वाकला, तर चंद्रा, "कुठं उलथला व्हता वो? नि तोंडाला कालवणाचा वास येतोय! मी हितं मरतेय नि तुमी जेवून आलात!"

शिवा मटकन खाली बसला. हसतोय नि रडतोय. म्हनला, "दे. आनखी दे शिव्या. थांबू नको."

तर बाबांनो, अवसेला त्या पुळणीनं जाऊ नका. कोन कितीबी मायेनं बोलावू दे. वरच्या रस्त्यानं जा. पाय दुखतील. दुखू द्यात. दुखनारे पायच घराला पोचतात.

चला, उठा आता. निजायची येळ झाली.

काय रे? कोनच उठंना?