मार्थाबाईंच्या पेल्यातलं पाणी

पाळकसाहेब, मंडळीतल्या भाऊबहिणींनो, आणि खुर्च्या कमी पडतील म्हणून आपल्या दुकानातून सतरंज्या घेऊन आलेले हमीदचाचा,

बोलायला उभा राह्यलो खरा, पण मार्थाबाईंच्या रिकाम्या बाकाकडं नजर गेली की काय बोलायचं ते विसरतो. तरी बोलणार. गप्प बसणं त्यांना बिलकुल आवडायचं न्हाई.

परतूरची आपली ल्युथरन ख्रिस्ती मंडळी जुनी. पाळक पहिल्यापासून बाहेरगावाहून रेल्वेनं येणार, तेही महिन्यातून एकदा. मधले रविवार आपले आपणच. जुन्या काळी उपदेशक बर्णबा वाटूरपर्यंत पायी जायचे, झाडाखाली बसून शिकवायचे. एक गोष्ट ते सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. जीव जायची वेळ आली आणि पाळक जवळ नसला, तर मंडळीतलं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. बाईमाणूससुद्धा. पाठ सगळ्यांनी केलं. करायची वेळ मात्र मार्थाबाईंवर आली.

तेव्हा त्या इथल्या दवाखान्यात नर्स होत्या. भर दुपारी एक पोर जन्मलं ते निळं पडलेलं. डॉक्टर धडपडत होते, श्वास काही लागेना. आईनं मार्थाबाईंकडं नुसतं पाहिलं. त्यांनी स्टीलचा पेला उचलला, देवाचं नाव घेतलं आणि पोराच्या डोक्यावर पाणी घातलं. नाव विचारायला सवड नव्हती. तोंडात आलं ते ठेवलं, बर्णबा. घरच्यांनी रॉकी ठरवलं होतं.

पोर वाचलं. रॉकी व्हायचंही वाचलं. ते पोर म्हणजे मी.

मंग मंडळीच्या पंचांची बैठक बसली. पेल्यातला बाप्तिस्मा धरायचा कसा? वेदीजवळचं हे दगडी कुंड बघा. आपल्या आजापणजांचे बाप्तिस्मे यातल्याच पाण्यानं झाले. पंच म्हणाले, पोर वाचलंय, तर आता रीतसर पुन्हा करा. माझे वडीलही कबूल झाले. मार्थाबाई झाल्या न्हाईत. आई सांगायची, त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा करायचा म्हंजे पहिला खोटा व्हता का? पोरगं गेलं असतं तर मंग काय म्हणून पुरलं असतं त्याला तुम्ही?”

पुढं पाळक आले आणि त्यांनीच निकाल दिला, बाप्तिस्मा एकदाच. झाला तो झाला.

तरी शाळेत पोरं मला ‘पेल्यातला बर्णबा’ म्हणायची. मी रडत गेलो की मार्थाबाई म्हणायच्या, “कुंड काय अन् पेला काय, पाणी परतूरचंच हाय.”

आपला वारसा म्हटलं की आपण ही घंटा दाखवतो, हे कुंड दाखवतो. दाखवावंच. पण शिकवलेलं ऐन वेळी आठवणं, ते करणं आणि केल्यावर मागं न हटणं, हा वारसा मी त्यांच्याकडं पाहिला. तो त्यांच्यासोबत गेलेला न्हाई. हे मी ठामपणे सांगतो.

कारण परवा दुपारी त्यांचा श्वास अडखळायला लागला, आणि पाळकसाहेबांची गाडी उशिरा. मी सारखा दाराशी जाऊन बघत होतो. त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं.

“कुणाची वाट बघून राह्यलास? तू हायेस ना.”

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि निरोपाची प्रार्थना म्हटली. आमेनपर्यंत एकही शब्द चुकला न्हाई.

पाळकसाहेब, तुम्ही आलात तेव्हा त्या गेल्या होत्या. तुम्ही पुस्तक उघडून मला विचारलं, शेवटची प्रार्थना करायची का? मी म्हणालो, झाली. तुम्ही पुस्तक मिटलं आणि माझ्याशेजारी बसलात.

आता उठू या. मी घंटेचा एक टोला देतो. तो विरेपर्यंत गप्प राहू. मार्थाबाई आज एवढं चालवून घेतील.

बाई, तुमच्या बर्णबाचा सलाम.