गोठ्याचा कॉम्प्युटर

"काका, कॉम्प्युटर दुरुस्त करताना तुम्हाला कधी रडू आलंय का?" मैत्रिणी 'विचारून दाखव' म्हणाल्या, म्हणून मी दुकानात शिरून बिनधास्त विचारलं. दुरुस्तीवाले काका हसलेच नाहीत. त्यांच्यासमोर एक सासरे आणि सून उभे होते. मध्ये टेबलावर त्यांच्या गोठ्याचा, वीज पडून जळलेला कॉम्प्युटर.

"यातलं काही निघणार नाही, आजोबा. बॅकअप घेत होता ना?"

"रोज! पेनड्राइव्हवर."

"कुठंय तो?"

"हरवू नये म्हणून यालाच लावून ठेवलेला."

"मग तोही गेला."

"मामंजी, कुठल्या गाईंना इंजेक्शन दिलंय, आठवतंय का?"

"एवढ्या गाई, कसं आठवणार गं? टोचलं की टाइप करायचो आणि विसरायचो."

"मग दुधातून औषधाचा अंश जाईपर्यंत सगळंच दूध ओतून द्यायचं."

"सगळं? अगं, दिसायला पांढरंशुभ्र आहे."

"पाळणाघरातली पोरं पितात ते, मामंजी."

आजोबा स्टूल चाचपत खाली बसले.

घरी आल्या आल्या मी आईबाबांना सांगून टाकलं, "आपल्या कोंबड्यांच्या औषधांच्या नोंदी आजपासून मी ठेवणार, आणि त्यांचा बॅकअप आत्याच्या घरी राहणार. विचारत नाहीये, सांगतेय."