आरसा काढला त्याचं कारण

—आरसा? काढला मी. कालच काढला. वजन, प्रफुल, दुसरं काय—आरसा, त्याची दांडी, बोल्ट, आन वरून हवेचा अडथळा वेगळा. शर्यतीत मागं पाहून काय करशील तू? बँकेत दिवसभर मागं मॅनेजर उभा असते, तेवढं पुरे नाई का? हस, हस जरा. पाय लांब कर. पेडलपर्यंत पोचतात ना? गुडघा थोडा वाकलेला राह्यला पाह्यजे—बस, असाच. पट्टा आवळतो मी. लागला तर सांग.

त्या चहावाल्या मुखरूकडं नको पाहू. मघापासून म्हणून राह्यला—सरची तिरडी निघाली, खांदेकरी पाठवा. म्हणू दे. माणूस पाठीवर लेटून, पाय समोर करून जाते म्हणून काय तिरडी? अरे, बैठक जितकी खाली तितकी हवा कमी अडवते, हे मी सारी जिंदगी पोरायले फळ्यावर शिकवलं. रिटायर झाल्यावर हातानं करून पाह्यलं, एवढंच. भंगारातल्या सायकलींचे पाइप, तीन चाकं, बाजेची नवार. ना इंजिन, ना बॅटरी, नुसते पाय. आन आवाज पाह्य—फिरव पेडल. येते काही ऐकू? नाई येत. साखळी नळीतून नेली मी. आवाज म्हणजे वाया गेलेली मेहनत. बाजूनं गेली तरी कोणाले कळत नाई. आन बसणाऱ्याले—बसणाऱ्याले सारंच ऐकू येते मग. पानं वाजलेली पण.

दिव्यानी सुटते पाह्य आता. तिचा नंबर पहिला, मग थोड्या वेळानं तू. भैयाजीनं यंदा एकेकाले सोडायचं ठरवलं—मागच्या खेपेस सारे सोबत सुटले आन वळणावर एकमेकायच्या अंगावर पडले. एकेकटं बरं. म्हणजे, पडण्याच्या हिशेबानं बरं. तिनं बैठक तुह्या गाडीपेक्षाही खाली घेतली, पाह्यलं? मीच माप दिलं तिले. हुशार पोरगी, स्वतः वेल्डिंग शिकली, मले म्हणे, सर, तुमचीच गाडी तुमाले हरवणार... टाळ्या वाजल्या. गेली. वळणापलीकडं गेली पण. रस्ताच तसा आहे—नवीन डांबर, दोन्ही बाजूनं साग, मूल गावाचं शेवटचं घर मागं पडलं की नाल्यापर्यंत माणूस नाई.

काय? पट्टा पुन्हा काऊन तपासून राह्यलो? तुले माहीत आहे ना मी कसा आहे—गॅस बंद केला का नाई म्हणून बसमधून उतरून घरी जाणारा माणूस. मागच्या वर्षी मी ब्रेकवर शंका घेतली, शर्यत थांबवली, सारे उन्हात उभे—आन ब्रेक बरोबर निघाला. भैयाजी अजून लग्नाच्या पंगतीत सांगते ते. म्हणून आता ठरवलं, खात्री नसली तर बोलायचं नाई. सारं शिक्षण काय शिकवते? खात्री नसली तर बोलू नका.

बुधरी आठवते तुले? नाल्यापलीकडच्या गावची, मोहफुलं वेचायले जायची. वाघानं नेली. तवा फॉरेस्टवाले काय सांगत होते—बाई उभी असती तर कदाचित वाचली असती. वाघाले उभा माणूस माणूस दिसते. बसलेला, वाकलेला माणूस त्याले दुसरंच काही दिसते. मी तिथीच होतो, ऐकलं, मान हलवली—आन घरी येऊन बैठक अजून चार बोटं खाली घेतली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, प्रफुल, आन एकमेकीले भेटल्याच नाईत. काऊन भेटल्या नसतील? मी काही मूर्ख माणूस नाई. का आहे?

परवा भेटल्या. परवा सकाळी मीच चालवून पाह्यली ना गाडी, याच रस्त्यानं. नाल्याच्या अलीकडं वांदरं खाकरली. एकदम, सारी. जंगलात ती कोणाले पाहून खाकरतात ते तुले मी काय सांगू. मी म्हटलं, मलेच पाहून खाकरली असतील, नवीन वस्तू आहे. मग आरशात पाह्यलं. रस्त्याच्या मधोमध चालून राह्यलं होतं. धावत नव्हतं. मी हळू झालो तर तेही हळू झालं. मी म्हटलं गोऱ्हा आहे, कोणाचा तरी सुटला असेल. माह्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आरसा एवढासा, वरून तो हलते. जिथं वस्ती लागली तिथं मागं काही नव्हतं. घरी आलो, आरसा पुसला. पुन्हा पुसला. मग काल काढला.

कोणाले सांगितलं असतं? रस्ता बंद झाला असता, शर्यत गेली असती, आन शेवटी निघाला असता गोऱ्हा—मग? एकदा दिसलं, त्याले काही अर्थ नसते. दुसऱ्यांदा दिसलं पाह्यजे. दुसऱ्या माणसाले दिसलं पाह्यजे, तवा ती गोष्ट खरी. म्हणून मी म्हटलं, आज दिव्यानी जाईल, मग तू जाशील, मग पाहू—

काय म्हटलं मी आता?

उतर. नाई, मजाक नाई करून राह्यलो, उतर—थांब, पट्टा ओढू नको, ओढला की अजून आवळते तो, मी सोडतो. निघाला. फोन नको लावू, तिथी रेंज नाई. भैयाजीची मोटरसायकल घे, कोणाले तरी मागं बसव, एकटा नको जाऊ. हॉर्नवरचा अंगठा काढायचा नाई. दिव्यानी दिसली की तिले म्हण, गाडी सोड, उभी राह्य, पळू नको, वाकू नको, नुसती उभी राह्य. आन मले असा नको पाहू. गोऱ्हा नव्हता तो, प्रफुल. मले तवाच माहीत होतं. जा. जा लवकर.

आन जाता जाता त्या लोकायले सांग, टाळ्या बंद करा म्हणा. मुखरूले म्हण तिरडीची बडबड बंद कर. गप्प राहा सारे.

मले ऐकू द्या.